एका निगेटिव्हची तजवीज

मी, सुमन हिरामण सोमकुवर, वय अदमासे अठ्ठावन्न, धंदा फोटोग्राफी, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा पुसून लिहून ठेवते. मला कोणी धमकावलेले नाही, भुलवलेले नाही, माझ्या कोपराला गूळ लावलेला नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर आहे असे मात्र लिहिणार नाही, कारण ते नाही.

या एका वाक्यावरून भैय्याजींशी वाजलं. भैय्याजी म्हणजे तहसील कचेरीपुढे टेबल टाकून अर्ज लिहून देणारे. पहिला मसुदा त्यांनीच हिंदीत करून दिला होता, त्यात मी "पूर्ण स्थिरचित्त" झाले होते. मी म्हटलं, "भैय्याजी, हे खोटं हाय. मी भल्या मोठ्या गोंधळात आहो." ते म्हणाले, "बाई, गोंधळ-बिंधळ मृत्युपत्रात लिहाचं नसते. उद्या कोनी कोर्टात म्हणन, बाई येडी होती. झालं, सारा कागद रद्दी." मी म्हटलं, "येडी अन् गोंधळलेली यात फरक हाय का नाई? येड्या माणसाले गोंधळ होतच नाई, त्याले सारं साफ दिसते." त्यांनी पिंक टाकली आणि म्हणाले, "मंग तुमीच लिहा." म्हणून मीच लिहून राहिले आहे, आणि मराठीत. कोर्टाला समजत नसेल तर कोर्टानं शिकावं.

गोंधळ एका निगेटिव्हचा आहे. बाकीच्या वस्तूंची वाटणी मला एका दमात सांगता येते. ती आधी सांगून मोकळी होते.

१. घर. मोहगावच्या रस्त्यावरचे माझे घर, पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्या, आंगण व आंगणातले लिंबाचे झाड, हे सर्व माझी मुलगी प्रमिला, राहणार लोधीखेडा, हिला द्यावे. तिने विकावे, भाड्याने द्यावे, काय करायचे ते करावे. स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीची भिंत रंगवताना आधी ती नीट धुऊन घ्यावी, फोटोच्या औषधांचे डाग चुन्याखालून वर येतात. मी दोनदा रंगवून पाहिली आहे.

२. पोस्टातली बचत प्रमिलालाच. त्यातून माझ्या अंत्यविधीचा खर्च व्हावा. विधी बौद्ध रीतीने, वंदना आणि पुण्यानुमोदन, नंतर आलेल्या लोकांना चहा. जेवणावळ घालू नये. ज्यांना माझ्या हातचं जेवायचं होतं त्यांनी मी जिवंत असताना यायला पाहिजे होतं, चूल रोज पेटत होती.

३. यशिका कॅमेरा, एनलार्जर, ट्रे, लाल दिवा आणि रिटचिंगचं मेज हे माझा पुतण्या उत्तम देवीदास सोमकुवर यास द्यावे. तो नागपूरला पेपरात काम करतो, त्याच्याजवळ नवा कॅमेरा आहे, पण जुन्याची त्याला लहानपणापासून हाव आहे. कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला पोचा आहे तो पांढुर्ण्याच्या गोटमारीतला, तिथं दोन गावं एकमेकांवर दगड मारतात. दगड माझ्या डोक्यावर येत होता, मी कॅमेरा पुढे केला. प्रमिलाचे बाबा महिनाभर बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, डोकं पुढे करायला पाहिजे होतं, ते फुकटात बरं होते.

प्रमिलाचे बाबा म्हणजे माझे यजमान हिरामण. आठ वर्षांखाली गेले. सौंसरात पहिला स्टुडिओ त्यांचा. आम्ही बौद्ध, पण जामसांवलीच्या मारुतीला येणाऱ्या लोकांचे फोटो काढून आमची अर्धी चूल चालली, हे मी कधी लपवलं नाही. कॅमेरा मला त्यांनी शिकवला. बायकांचे फोटो मीच काढत असे, कारण लग्नाच्या पोरी त्यांच्यासमोर नुसत्या घामाघूम व्हायच्या.

४. स्टुडिओतला तळ्याचा आणि हंसांचा पडदा मोहगावच्या शाळेला, गॅदरिंगसाठी. एका हंसाला मान दोनदा रंगवलेली आहे, ती पेंटरची चूक, माझी नाही.

५. दुकानाचा बोर्ड. प्रमिलाचे बाबा गेल्यावर मी "सुमन फोटो स्टुडिओ" असा बोर्ड लिहवून घेतला होता. माझे दीर देवीदास यांनी मी नागपूरला सामान आणायला गेले असताना पेंटर बोलावून त्यावर पुन्हा भावाचं नाव चढवलं. मला म्हणाले, "वहिनी, बाईच्या नावाचं दुकान पाहून लोक का म्हणतीन?" लोक काहीच म्हणत नव्हते हो, लोक फोटो काढायला येत होते. तर तो बोर्ड मी देवीदास भाऊजींना देते. त्यांनी तो आपल्या आंगणात लावावा. ऊन लागून वरचा रंग सुटला की खालून माझं नाव निघेल.

हे झालं सोपं. आता पुढचं.

६. लाकडी खणात बटर पेपरात गुंडाळलेल्या पाठमोऱ्या बायांच्या निगेटिव्ह आहेत. त्या उत्तमला द्याव्यात. यासाठी मला सन एकाहत्तरचं सांगावं लागेल.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन पळालेल्या माणसांचे लोंढे आले. बंगालात मावेनात म्हणून रेल्वेनं आपल्या मध्य प्रदेशातही आणले. रायपूरकडे मोठी छावणी होती. नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई तिथं औषधं घेऊन जात. त्यांच्या लग्नाचे फोटो प्रमिलाच्या बाबांनी काढले होते, त्या ओळखीवर त्या सौंसरला आल्या. म्हणाल्या, छावणीत एका बराकीत नुसत्या बाया आहेत. तिकडच्या सैनिकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली आहे, कोणाकोणाला महिनोन्महिने कोंडून ठेवलं होतं, काही पोटुशी आहेत. आम्ही लिहून पाठवतो तर मोठी माणसं विचारतात, पुरावा काय? बाया फोटो काढू द्यायला तयार आहेत, पण पुरुषासमोर बसणार नाहीत.

प्रमिलाचे बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "जातं का वं?" मी म्हटलं, "जातो." त्यांनी रात्रभर फिल्म, फिल्टर, छत्री, सारं बांधून दिलं आणि सकाळी छोट्या लाईनच्या रेल्वेगाडीत बसवलं. तेव्हा बायकोला असं पाठवणारा माणूस सौंसरात दुसरा नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे त्यांची एक गोष्ट येणार आहे जी मला आवडली नव्हती.

छावणीतल्या बायांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तोंड नाही. तिथल्या एका म्हातारीला थोडं हिंदी येत होतं, तिच्या तोंडून सांगितलं. मी म्हटलं, ठीक. त्या पाठमोऱ्या बसल्या. आयुष्यभर मी पोरींना "मान वर, हनुवटी खाली, इकडं पाय माय" म्हणत आले, तिथं मला काही सांगायलाच नव्हतं. एक आपल्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. दोघींनी पाठीमागे एकमेकींचा हात धरला होता. एकीचे केस दवाखान्यात कापले होते, ती मानेवर हात ठेवूनच बसली. मी फोटो काढत होते आणि रडत होते, आणि काचेवर पाणी पडू नये म्हणून मध्येच कॅमेरा छातीपासून दूर धरत होते.

या पाठमोऱ्या फोटोंना बायांचा होकार आहे. ते उत्तमने दाखवावेत, छापावेत. अट एवढीच, की ते कापून लहान करू नयेत आणि खाली "अब्रू लुटलेल्या" असं लिहू नये. डॉक्टरीणबाईंच्या छापील कागदात तसं आलं होतं. अब्रू गेली असेल तर ज्यांनी केलं त्यांची गेली. या बायांची कशी गेली, मला कोणी समजावून सांगावं.

७. आता खणातली शेवटची निगेटिव्ह. ती वेगळ्या पाकिटात आहे. तिच्यात चेहरा आहे.

मी निघायच्या दिवशी बाकीच्या बाया राशनच्या रांगेत गेल्या होत्या, हिंदी येणारी म्हातारीही गेली होती. एक बाई मागे राहिली. ती आली, स्टूल आपल्या पदरानं पुसलं आणि माझ्याकडे तोंड करून बसली. डोक्यावरचा पदर तिनं स्वतः मागे सारला. मी खूण केली, फिर, पाठ कर. तिनं मान हलवली आणि बसून राहिली. पोरीसारखी पोर, विशीची असेल नसेल. ओठापासून हनुवटीपर्यंत जखमेचा एक डाग होता, भरून आलेला.

यशिकात वरून मान घालून काचेत पाहावं लागतं. समोरच्याला आपले डोळे दिसत नाहीत, भांग दिसतो. मला वाटते म्हणूनच ती बसू शकली, कोणी टक लावून पाहून नव्हतं राहिलं. पण त्यामुळेच माझाही घात झाला. मी फोटो काढला, पुढच्यासाठी फिल्म फिरवत होते, मान खालीच होती, आणि ती बोलली, "शोबाइके देखाबेन ना."

शोबाइके म्हणजे सगळ्यांना, हे मला तोवर कळू लागलं होतं. देखाबेन म्हणजे दाखवा. आणि ना म्हणजे ना. आपल्याकडे कोणी जीव तोडून सांगतं तेव्हा मागे ना लावतंच. येजो ना. जेवजो ना. फोटो दाखवजो ना. मी मान वर केली आणि म्हटलं, "हाव बाई, दाखवीन. साऱ्यांले दाखवीन." तिनं माझं मनगट धरलं, घट्ट धरलं, आणि मग पदर घेऊन बराकीत गेली. तेवढंच. राशनच्या रांगेतून बाया परत येईपर्यंत माझी गाडी सुटायची वेळ झाली होती.

तिचं नाव मला माहीत आहे. ते या कागदात लिहिणार नाही. उत्तमनेही विचारू नये.

डॉक्टरीणबाईंनी पाठमोरे फोटो घेतले, हा नाही घेतला. चेहरा आमच्या नियमात बसत नाही म्हणाल्या. मग माझ्याजवळ दाखवायची जागा उरली एकच, आमची शोकेस. घरी आल्यावर प्रमिलाच्या बाबांनी निगेटिव्ह धुतली, वाळवली, मेजावर लावली आणि सवयीनं रिटचिंगची पेन्सिल हातात घेतली. लग्नाच्या पोरींचे देवीचे व्रण आम्ही त्याच पेन्सिलीनं घालवत असू. मी त्यांचा हात धरला. "राहू द्या." ते म्हणाले, "काऊन? डाग हाय ना." मी म्हटलं, "डाग तिचा हाय. तुमाले कोनी काढाले सांगतला?" त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. समजूतदार होते.

पण शोकेसचं म्हटल्यावर म्हणाले, "सुमन, तिथं गावच्या लग्नाच्या पोरी हायेत. त्यायच्या मायबापायनं इच्यारलं का ही कोन, तं का सांगू? थांब जरा, पुढं पाहू." हीच ती गोष्ट जी मला आवडली नव्हती. पण ते गेल्यावर दुकान माझं झालं, शोकेस माझी झाली, फ्रेमसुद्धा करून आणली. तेव्हा प्रमिलाचं स्थळ पाहणं सुरू होतं. मी फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली. त्या बाईनं एवढा जीव टाकून सांगितलं, सगळ्यांना दाखवा, आणि मी एकालाही दाखवला नाही, असं मला वर्षानुवर्षं वाटत राहिलं. तो खण उघडला की तोंडातून आपोआप निघायचं, शोबाइके देखाबेन ना.

मग दोन वर्षांखाली मिनतीबाई आल्या. मिनती विश्वास, आपल्या डॉक्टर विश्वासांच्या घरवाल्या, बंगालच्या. पोरीचा शाळेसाठी फोटो पाहिजे होता. पोरगी हंसांचा पडदा पाहून खी खी हसत होती, दात पडलेले, फोटो काही जमेना. मिनतीबाई तिच्यावर ओरडल्या, "हाशबे ना! हाशबे ना!" मला वाटलं, ही माय पोरीला "हास बे" म्हणून राहिली! चांगल्या घरची बाई, पोरीला बे म्हणते, आणि हास कायले म्हणते, ती तर हसूनच राहिली आहे. आणि नवल पाहा, पोरीनं तोंड गप्पकन मिटलं.

मी विचारलं, "काहो, तुमी तिले हास म्हटलं अन् ते चूप काऊन झाली?"

मिनतीबाई म्हणाल्या, "नहीं दीदी, मैंने बोला मत हँसो. हमारे में ना पीछे लगता है."

मी कॅमेरा स्टँडवर ठेवला, स्टुलावर बसले आणि विचारलं, "मंग शोबाइके देखाबेन ना म्हणजे?"

"सबको मत दिखाइएगा," त्या म्हणाल्या. "क्यों दीदी, किसने बोला?"

मी उठून पोरीचा फोटो काढला, तो हलला, पुन्हा काढावा लागला. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. आधी मला हसू आलं, मग धडकी भरली. म्हणजे इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी स्वतःला कोसत होते, तेच तिला पाहिजे होतं? प्रमिलाच्या बाबांनी अडवलं म्हणून तिची लाज राहिली? आणि मी तिला काय म्हटलं होतं, "हाव, साऱ्यांले दाखवीन!" ती म्हणाली दाखवू नका आणि मी म्हटलं हो हो. तिला माझा हाव आपल्याच बोलीचा हो वाटला असेल, म्हणजे हो, नाही दाखवणार. म्हणून तिनं हात धरला असेल. का घाबरून धरला? बाप्पा, काही समजत नाही.

पुढे एकदा मिनतीबाईंना धीर करून सगळं सांगितलं. मला वाटलं आता तरी पक्कं होईल. त्या म्हणाल्या, "लेकिन दीदी, पूछने में भी ऐसे ही बोलते हैं. देखाबेन ना? माने, दिखाएँगी ना सबको?" झालं. पुन्हा जिथल्या तिथं. आणि तोंड दाखवायचं नव्हतं तर ती समोर तोंड करून बसली कशाला? आणि दाखवायचं होतं तर बाकीच्या बाया रांगेत गेल्यावरच का आली? प्रत्येक गोष्टीचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही मला पटतात.

यंदा पोळ्याला प्रमिला आणि उत्तम दोघं घरी होते. माझ्या पायांना सूज होती, डॉक्टर विश्वासांनी सांगितलं होतं की छाती थकली आहे, निस्तरायचं ते निस्तरून घ्या. म्हणून मी दोघांना बसवून निगेटिव्हची गोष्ट सांगितली. पाकीट उघडलं नाही.

उत्तम म्हणाला, "मोठीआई, नागपूरले थंडीत बायांच्या एका संघटनेचं प्रदर्शन हाय. हा फोटो तिथं लागलाच पायजे. पाठीचे फोटो पाहून लोक हळहळतेत अन् चहा पेतेत. चेहरा पाहिला का झोप उडन. नाई तं काही दिवसानं लोक म्हणतीन, असं काही झालंच नाई."

प्रमिला तडकली. "त्या बाईचं आता लगीन झालं असन, तिले पोरं असतीन. तिच्या पोरीनं कुठं पाहिला तं? आई, तू हे जाळून टाक. आपलं नाई ते."

"जाळू कशी? तिनं स्वतः बसून काढला," मी म्हटलं.

"मंग दाखव," उत्तम म्हणाला.

"दाखवू कशी? ना म्हणाली असन तं?"

"तुमाले का वाटते, मोठीआई?"

मला काय वाटते! दोघं आपापल्या जागी खरे आहेत हेच मला वाटते. दोघं जेवले नाहीत, पुरणाच्या पोळ्या तशाच राहिल्या, दुसऱ्या दिवशी देवीदास भाऊजींच्या गोऱ्ह्यानं खाल्ल्या. उत्तमचं पोस्टकार्ड मागल्या आठवड्यात आलं, विचारतो, काय ठरलं.

भैय्याजींनी कायद्याची बाजू सांगितली. निगेटिव्ह काढणाऱ्याची, धंद्याची रीतच आहे, म्हणून ती माझी मिळकत. आमच्या पाकिटांवरही छापलेलं असायचं, निगेटिव्ह स्टुडिओजवळ राहील. म्हणजे माझी मिळकत आहे तर मी ती कोणालाही देऊ शकते. पण कलम लिहायचं तर क्रियापद लागते. भैय्याजी लेखणी धरून बसले होते. "बाई, दाखवावा लिहू का दाखवू नये लिहू? दोन्ही लिहिता येत नाई." मी म्हटलं, उद्या सांगते. असे पुष्कळ उद्या झाले.

काल मी मिनतीबाईंना साक्षीसाठी बोलावलं. दुपारी ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "एक काम करा. ते वाक्य दोन्ही तऱ्हेनं म्हणा. मी डोळे मिटतो. तिनं कसं म्हटलं होतं ते मले ओळखू येईन."

त्यांनी म्हटलं. आधी मना करताना म्हणतात तसं, मग विचारताना म्हणतात तसं. मला दोन्हीमधला फरक चांगला ऐकू आला. पण त्यातलं एकही तिचं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू, मग जोरात, मग रडवेल्या आवाजात. बिचाऱ्या घामेजून गेल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिचा आवाज माझ्याजवळ नाहीच. इतकी वर्षं खण उघडून उघडून ते वाक्य मी माझ्याच तोंडानं म्हणत आले, माझ्या सौंसरी हेलात. मला ऐकू येते ती मीच आहो. ती बाई त्यातून केव्हाच निघून गेली. मी मिनतीबाईंच्या गळ्यात पडून रडले. त्या "दीदी, दीदी" करत राहिल्या.

छावणी कधीच उठली, ती कुठं गेली कोणाला ठाऊक नाही. म्हणजे आता तिला विचारता येत नाही आणि आठवूनही कळत नाही. मग माझ्यासारख्या बाईनं ठरवायचं कसं?

मी असं ठरवलं. ती दाखवा म्हणाली असेल आणि मी लपवला, तर मी दिलेला शब्द मोडणारी ठरते. ठरू द्या, ते मी सोसत आलेच आहे. उत्तमचंही नुकसान आहे, ज्यांची झोप मोडायला पाहिजे त्यांची मोडणार नाही, हेही मला समजते. पण ती दाखवू नका म्हणाली असेल आणि मी दाखवला, तर? त्या बराकीतल्या एकेका बाईनं ना म्हटलं होतं. ओरडून म्हटलं होतं, हात जोडून म्हटलं होतं. ज्यांच्यापुढे म्हटलं त्यांनी त्याचा आपल्या सोयीचा अर्थ घेतला. त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. चुकूनसुद्धा नाही, चांगल्या कामासाठीसुद्धा नाही.

म्हणून लिहिते: सदर निगेटिव्ह कोणासही दाखवू नये. प्रदर्शनात लावू नये, छापू नये, तिच्यावर पेन्सिल चालवू नये. तसेच ती जाळू नये, फाडू नये, कारण जाळायचीही परवानगी मला कोणी दिलेली नाही. ती माझी मिळकत नाही, कायदा काहीही म्हणो. ती अमानत आहे. प्रमिलाने ती कोरड्या जागी सांभाळावी, आणि प्रमिलानंतर तिच्या मुलीने. ती बाई कधी आली, किंवा तिने कोणाला पाठवले, तर पाकीट न फोडता तिच्या हातात द्यावे. आणि ती म्हणाली की दाखवा, तर उत्तमने हा फोटो भिंतीएवढा मोठा करावा आणि जिथे तिथे लावावा, सौंसरच्या चौकातसुद्धा. मात्र तिला आधी एकदा विचारून घ्यावे, आणि तिला येत असलेल्या भाषेत विचारावे.

उत्तम, रागावू नको. बाई, तू पण. मी हुशार असते तर त्याच दिवशी तुला पुन्हा विचारलं असतं, दाखवू का नको? दोन शब्दांचं काम होतं.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, मीच वाचला, आणि तो माझ्या मनासारखा आहे. मन ठिकाणावर नाही, पण मजकूर ठिकाणावर आहे.

सही: सुमन हिरामण सोमकुवर

साक्षीदार:
१. केशवराव नारनवरे, निवृत्त हेडमास्तर, सौंसर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. कलम सातबद्दल मी त्यांना दोन वेळा विचारले, दोन्ही वेळा त्यांनी हेच सांगितले.
२. मिनती विश्वास, सौंसर. सही बंगालीत केली आहे. सगळा कागद मला हिंदीत समजावून सांगितला. मी त्यांना म्हणाले, दीदी, मलाही अजून माहीत नाही तिने काय म्हटले होते.

ठिकाण: सौंसर
दिनांक: २४ नोव्हेंबर १९८७, मंगळवार